सरळ गेलेली सडक

श्री गुरुबसवलिंगाय नमः

मु. केसरगाव, नळदुर्गजवळ
पौष वद्य ३, शके १८६६

ती. उमाअक्कांच्या चरणी पार्वतीचे शरणार्थ.

हे पत्र बसवराज तुम्हाला वाचून दाखवत असेल, त्याला आशीर्वाद. आम्ही मायलेकी खुशाल आहोत. येळवसची वावरातली पूजा झाली. यंदा ज्वारी बरी आहे. मिरची लाल होऊन पडली आहे, वाळवायला अंगण पुरत नाही. शिवगंगा आता चुलीपुढचं सगळं एकटी बघते. पुड्यांच्या कागदांवर शिकलेली माझी अक्षरं, सांभाळून घ्यावं.

इकडं नळदुर्ग-तुळजापूर सडकेचं काम काढलं आहे. गावाजवळची जुनी गाडीवाट सगळी उकरून टाकली. जिकडं तिकडं मुरमाचे ढीग आणि फोडलेली खडी. बैलगाड्या ओढ्यातून वळवल्यात. परवा बिराप्पाची गाडी ओढ्यात कलंडली, गुळाच्या ढेपा पाण्यात, आणि तो काठावर उभा राहून बैलांना शिव्या देत होता. बाजाराला जाणारं माणूस दुपारी निघतं ते अंधारात परत येतं. धूळ तर भाकरीतही येते. शेजारची कडूबाई म्हणते, "पार्वते, आता पाण्याला जायचं तर तिकीट काढावं लागतंय बग."

म्हणून लिहिते. दर शिवरात्रीला तुम्ही येता, ह्यांच्या, म्हणजे तुमच्या भावाच्या, समाधीवर पाणी घालता. यंदा येऊ नका. सर्विस मोटार नळदुर्गलाच थांबते, तिथून पुढं गाडी मिळणार नाही, आणि मिळाली तर तुमची कंबर राहणार नाही. पाणी मी घालीन. बेल मी वाहीन. तुमच्या नावानं वेगळा वाहीन.

संक्रांतीचा तीळगूळ कुणी येणारं मिळालं तर पाठवते.

आपली आज्ञांकित
पार्वती


केसरगाव
माघ शुद्ध ६

ती. उमाअक्कांस शरणार्थ.

तुमचं पत्र पोचलं. बसवराजनं तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवले, वाचताना तुमचा आवाजच ऐकू आला. "सडक खोदली तर खोदली, माझे पाय कुणी खोदले न्हाईत. भावाच्या डोईवर पाणी पडल्याबिगर माझा उपास सुटत न्हाय." शिवगंगा हसली. मीही हसले.

पण अक्का, ऐका. तुमचं वय झालं. उमरग्याहून नळदुर्ग, आणि तिथून पायी. वाटेत मजुरांच्या पालांचा तळ पडला आहे, कुत्री आहेत, वळवलेली वाट रोज बदलते. काल होती ती आज नसते. ओढ्यात चिखल आहे.

तुम्ही विचारलंत, समाधीचा ओटा सारवला का. ओटा पावसात बसला. यंदा पाऊस फार झाला तुम्हाला माहीतच आहे.

सडक आपल्या वावराच्या कडेनं जाते, हे लिहायचं राहिलं होतं. कडेनं म्हणजे थोडी आतून. चिंचेकडचा कोपरा गेला. विहीर वाचली. साहेब लोक चांगले आहेत, विचारून काम करतात. इथं कुणाची माती आहे का, हेसुद्धा त्यांनी विचारलं होतं. लोकांनी नाही म्हणून सांगितलं.

मिरची विकली गेली. भाव बरा आला. तुम्हाला लुगडं घेऊन ठेवलं आहे, पुढच्या वर्षी याल तेव्हा देईन.

पार्वती


केसरगाव
माघ वद्य १

उमाअक्का,

काल बिराप्पा उमरग्याच्या बाजाराहून आला. तुमचा निरोप दिला त्यानं. "उमाबाईनं बेल आनून ठिवलाय, त्या येनार म्हंजे येनार."

तेव्हा आता लिहिते. आधीची दोन पत्रं बसवराज मोठ्यानं वाचणार हे धरून लिहिली होती. हेही तोच वाचणार. वाच बाबा, मधे थांबू नको. मी सगळ्या गावासमोर बोलले, तर तुमच्या सगळ्या घरानं ऐकलं पाहिजे.

चिंचेकडचा कोपरा गेला असं मी लिहिलं. तुम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी ते मिरचीच्या भावाजवळ लिहिलं, म्हणून कळलं नसेल. चिंचेखालीच तुमचा भाऊ आहे. सडक त्याच्यावरून गेली.

"लोकांनी नाही म्हणून सांगितलं" हे खोटं आहे. लोकांना कुणी विचारलंच नाही. मला विचारलं.

दिवाळी झाली आणि सडकेचा साहेब आला. पांढरी दाढी, वयस्क माणूस. घोडा लांब बांधून चालत आला, उभ्या पिकात पाय पडू नये म्हणून बांधावरून आला. सडक सरळ नेली तर चिंचेचा कोपरा जातो, वाकवली तर विहीर जाते, असं त्यानं हातातल्या काठीनं दाखवलं. गाव जमलं होतं. तो मला म्हणाला, "अम्मा, यां किसी की कबर है क्या? है तो बोलो. सडक बाजू से लेते. मिट्टी के ऊपर से नईं लेते हम." त्यानं पुन्हा विचारलं. त्याला वाटलं मला त्याची बोली कळली नाही.

मी म्हटलं, "न्हाय साहेब. कुनी न्हाय."

त्याला काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. आदल्या दिवशी सडकेच्या मोजणीच्या झेंड्या रोवलेल्या बघितल्या, आणि संध्याकाळी समाधीवरचा दगड पदरात घालून घरी आणला. ओटा कुदळीनं सपाट केला. ओटा पावसात बसला असं लिहिलं, ते काम माझं होतं.

कडूबाई तिथंच उभी होती. तुमच्या भावाला मातीत बसवलं त्या दिवशी तिनंच मला धरून ठेवलं होतं. ती बोलली नाही. कुणीच बोललं नाही. बाईची विहीर वाचते आहे तर वाचू दे, असं त्यांच्या मनात आलं असेल. घरी येताना कडूबाईनं एवढंच विचारलं, "वाकवायची न्हवती व्हय गं थोडी?"

"हीर गेली असती."

"व्हय," ती म्हणाली, "गेली असती."

अजून ती बोलते, चेष्टा करते. पण माझ्या विहिरीचं पाणी नेत नाही. ओढ्यावर जाते.

आणखी एक. मी त्या सडकेवर कामाला होते. गावातल्या बऱ्याच बायका होत्या. चिंचेच्या कोपऱ्यावर खडी पसरायची पाळी आली तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, इथल्या पाट्या मी टाकते. दुसऱ्या कुणाच्या हातची खडी त्यांच्यावर पडू नये, एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं वाटलं होतं. मुकादम म्हणाला, "का गं, हितं सोनं पुरलंय व्हय तुजं?" बायका हसल्या. मीही हसले. अक्का, मी तिथं उभी राहून हसले.

मग दगडी रोलर आला, बैलांनी ओढलेला. मला वाटलं बैल बुजतील. मला तेच हवं होतं. त्यांनी अडावं, पुढं जाऊ नये, माझ्याशिवाय कुणीतरी साहेबाला सांगावं. बैल बुजले नाहीत. शेपट्या हलवत सरळ निघून गेले.

आपल्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. हे मला रोलर पुढं गेल्यावर आठवलं. आडवं माणूस असतं तर मी मनाला काहीतरी सांगितलं असतं. ते बसलेत. म्हणजे प्रत्येक गाडीचं चाक त्यांच्या डोक्यावरून जातं. तुम्ही ज्या डोईवर पाणी घालता, तिच्यावरून. मी तिथून चालत नाही. वावराला लांबून वळसा घालते, आणि लोक बघतात की मी वळसा घालते.

विहीर त्यांनीच खोदली होती, ती वाचवली म्हणजे त्यांचंच राखलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. तुम्हालाही तसंच लिहायचं ठरवलं होतं. पण खरं ते नाही. विहीर गेली असती तर मिरची गेली असती, आणि मी शिवगंगेला घेऊन तुमच्या दारात आले असते. तुम्ही घेतलंही असतं. एका शब्दानं बोलला नसता. तेच मला नको होतं. तुमच्या घरचं ताट चुकवायला मी तुमच्या भावाला नाही म्हटलं.

हे लिहून झालं, पण हलकं काही वाटत नाही.

दगड घरात आहे. शिवगंगा रोज त्याला पाणी घालते, मी घालत नाही. तुम्हाला न्यायचा असेल तर न्या. इथं राहिला तर कुठं ठेवावा हे मला ठरवता येणार नाही.

आता येण्याचं. या. सडक पुरी झाली. मागच्या पत्रात त्रास वाढवून लिहिला होता, काम तेव्हाच संपत आलं होतं. सर्विस मोटार नळदुर्गहून थेट तुळजापूरला जाते, गावात थांबते. पण तुम्ही गावापर्यंत येऊ नका. आपल्या वावराच्या अलीकडं ओढ्यावर नवी मोरी बांधली आहे, तिथं उतरा. ड्रायव्हर कुरकुर करेल, त्याला म्हणा बाई उभी आहे तिथं थांबव. पुढं मोटारीनं आलात तर तुम्ही भावावरून याल, आणि गाडीत बसून तुम्हाला कळणारही नाही, सडक इतकी चांगली झाली आहे.

मी मोरीवर उभी असेन. मला जे बोलायचं ते तिथंच बोला, मी ऐकून घेईन. पाण्याचा तांब्या भरून आणते, ओढ्याच्या पाण्याचा. मग तिथून चालत जाऊ. जागा मला कळते, दाखवते. तुम्ही पाणी घाला. मोटार आली तर तेवढं बाजूला व्हावं लागेल.

खाली "तुमची भावजय" लिहून खोडलं आहे. बसवराजला दिसेल, त्यानं तेही वाचून दाखवावं.

पार्वती