भरतकामाचा लॅपटॉप

३ मार्च, सोमवार
लॅपटॉप बसला! सुरू होतो, पण पडद्यावर चौकट — अमुक फाइल सापडत नाही. ओके दाबलं. दुसरी चौकट, दुसरी फाइल. एकोणीस वेळा ओके, मग नुसता निळा पडदा. बंद करून परत लावला. पुन्हा तीच रड.

शनिवारी नर्सिंग कॉलेजचे एकशे चाळीस कापडी बिल्ले द्यायचेत. दिवा, भोवती पानं. ते डिझाइन ह्यातच, आणि ते मशीनला समजावणारं सॉफ्टवेअरही ह्यातच. नव्या लॅपटॉपवर ते चालत नाही आणि बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. म्हणून तर हा चौदा वर्षांचा म्हातारा सांभाळतेय. बारा सुयांचं मशीन दोरे ओवून तयार आहे, आणि मी हात चोळत बसलेय.

४ मार्च, मंगळवार
नवऱ्यावर डाफरले. 'रविवारी ह्याच्यावर मॅच कोणी बघितली?' म्हणे, 'मी हात पण लावला नाही!'  जेवताना सासरे तर अर्ध्या ताटावरून उठले.

फोनवर बघून स्वतःच खटपट केली. आधीच्या तारखेला परत नेण्याची सोय असते म्हणे. ती कोणीतरी बंद करून ठेवलीय. कोणीतरी म्हणजे मीच, जागा वाचवायला! कुठून तरी एक फाइल आणून आत टाकली. आता वीस चौकटी.

५ मार्च, बुधवार
दुरुस्तीवाल्याकडे. 'ताई, फॉरमॅट मारू. डिझाइनं काढून देतो.' 'आणि सॉफ्टवेअर?' 'सीडी आहे?' सीडी! ती घर रंगवताना गेली.

मग चष्मा वर सारून म्हणाला, 'हा व्हायरस नाही. कोणीतरी बसून एकेक फाइल काढलीय, टोपली पण रिकामी केलीय. परत मिळतील, पण नावं अर्धवट, शिवाय हजारोंमध्ये मिसळलेल्या. कुठली कुठे बसवायची, कोण सांगणार?' उद्या संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाला.

येताना रडू फुटलं. चपलांच्या दुकानासमोर उभी राहिले, चपला बघत असल्यासारखी. आठ वर्षांचा धंदा आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

६ मार्च, गुरुवार
नाना, म्हणजे सासरे, वही घेऊन आले. 'सूनबाई, जरा बोलायचं होतं.'

छत्तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली त्यांनी. तिथला नियम — दहा वर्षांत जिला हात लागला नाही, ती फाइल नोंद करून नष्ट. गेल्या शनिवारी मी बाहेर गेले होते. 'तूच म्हणत होतीस ना, फार भरलाय, हळू चालतो. म्हटलं, तू येईपर्यंत हलका करून ठेवावा.' तारखा बघून बघून दोनशे बारा फाइली उडवल्या! आणि प्रत्येकीची नोंद — कपाट, खण, नाव, शेवटची तारीख. शेरा: नष्ट. टपोरं अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. शेवटचं तेवढं आठवतं — 'यापुढे मला विचारल्याशिवाय ह्या घरात कशाला हात लावायचा नाही!' नाना 'बरं' म्हणाले. वही टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली आणि खोलीत गेले.

७ मार्च, शुक्रवार
वही फाडणारच होते. नवरा म्हणाला, 'दुरुस्तीवाल्याला दाखव तरी.' दुकानात नेली. दुरुस्तीवाल्याने दोन पानं वाचली आणि उभाच राहिला. 'ताई, कपाट म्हणजे ड्राइव्ह, खण म्हणजे फोल्डर! अहो, इथे तर सगळे पत्ते आहेत!' मी वाचत गेले, तो बसवत गेला. दुपारी चालू केला — एकही चौकट नाही! 'कोणी लिहिलंय हो? असा माणूस मला दुकानात पाहिजे.'

घरी येऊन लगेच मशीन लावलं. पहिला दिवा उमटला तेव्हा टाळ्या वाजवल्या मी, एकटीनेच. नानांना ओरडून सांगितलं. 'छान झालं,' आतूनच म्हणाले. बघायला आले नाहीत. माफी मागायला हवी. आधी बिल्ले पोचू देत.

८ मार्च, शनिवार
पोचले! कॉलेजच्या बाई खूश. पुढच्या वर्षीचंही मलाच देणार म्हणाल्या. घरी येऊन आडवी झाले ती थेट झोपलेच.

९ मार्च, रविवार
सकाळी मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात नाना, हातात रिकामा ग्लास. किती वेळ उभे होते कोण जाणे. 'सूनबाई, पाणी घेऊ का?'

हे घर नानांनी बांधलंय.