समोरच्या भिंतीचं बजेट

१ एप्रिल, मंगळवार
नवं आर्थिक वर्ष. नवी डायरी. यंदाचा संकल्प एकच: ऑफिसला प्रोफेशनल लुक.
काल वापीला एका सीएच्या ऑफिसात गेलो होतो. शिरल्या शिरल्या समोर भलंमोठं पेंटिंग. निळ्यात निळं, मधे एक लाल ओरखडा. काय आहे ते अजिबात कळलं नाही. म्हणजे नक्की क्वालिटी. त्याची फी माझ्या तिप्पट आहे. अर्थ उघड आहे.
माझ्या समोरची भिंत कोरी. डहाणू रोडला वीस वर्षं टॅक्स कन्सल्टंट म्हणून बसतोय आणि भिंतीवर साधा गणपतीसुद्धा नाही.
दुपारी बजेट केलं. 'आर्टवर्क' असं स्वतंत्र हेड. उत्पन्नाच्या दोन टक्के. लोकांची बजेटं करून हात बसलाय, त्यामुळे फार देखणं झालं. शितलला दाखवलं. (शितल माझी असिस्टंट. आशागडची. हुशार आहे, पण व्हिजन नाही.) ती म्हणाली, सर, प्रिंटर कागद खातोय.

३ एप्रिल, गुरुवार
निलमला सांगितलं. बायको म्हणून तिचं मत घ्यावं लागतं. ती म्हणाली, वारली लावा. मी समजावलं, की बँकेत वारली, सलूनमध्ये वारली, स्टेशनच्या भिंतीवर वारली. आपल्याला काहीतरी युनिक हवं. ती म्हणाली, मग आरसा लावा.

५ एप्रिल, शनिवार
मुंबईच्या एका गॅलरीला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. बजेट विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, पर स्क्वेअर फूट? मी म्हटलं, नाही, सगळं मिळून. मग त्यांची रेंज गेली. परत लावला तर लागेना. मुंबईत नेटवर्कचा इतका प्रॉब्लेम असेल असं वाटलं नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार
आज नविनभाई आले होते. घोलवडला चिकूच्या वाड्या, पॅकिंग शेड, तीन फर्म. माझ्या ऑफिसचं निम्मं उत्पन्न या एका माणसावर आहे. बाकीचं निम्मं माझ्या गुडविलवर.
आज बरोबर त्यांच्या मिसेस चंद्रिकाबेन होत्या. बीपी तपासायला डहाणूला आल्या होत्या. मी मुद्दाम आर्टवर्कच्या बजेटचा विषय काढला. सुशिक्षित घरात अशा गोष्टींनी इम्प्रेशन पडतं. नविनभाई माझ्याकडे बघून मान हलवत होते. आडवी हलवत होते, पण गुजराती लोकांचं तसं असतं.
चंद्रिकाबेन म्हणाल्या, "चुरीभाई, बाहेरून कशाला विकत घेता? मी काढते ने!" दोन्ही मुलं कॅनडाला गेल्यापासून त्यांनी उंबरगावला ऑइल पेंटिंगचा क्लास लावलाय. मी म्हटलं, वा, वा, नक्की. हे आपलं बोलण्यापुरतं असतं.

१६ एप्रिल, बुधवार
बोलण्यापुरतं नव्हतं.
चिकूच्या टेम्पोतून आलं. पाच बाय चार फूट. तळं, तळ्यात हंस, मागे बर्फाचे डोंगर, डोंगरावर नारळाची झाडं. हंसाची मान संपायला जरा वेळ घेते.
भिंतीवर चढेपर्यंत चंद्रिकाबेन उभ्या होत्या. मग लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. म्हणाल्या, घराबाहेर माझं चित्र आजपर्यंत कुणी लावलं नव्हतं. पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, फारच क्वालिटी. दुसरं काय म्हणणार?
काळजीचं कारण नाही. महिनाभर ठेवायचं, मग 'भिंतीला रंग द्यायचाय' म्हणून उतरवायचं. रंग झाल्यावर कोण विचारतो.
खर्च: चित्र फुकट. ड्रिलवाला आणि सोनेरी फ्रेम माझी. फ्रेम चंद्रिकाबेननी पसंत केलेली. बजेटमधून बरंच गेलं, पण हा वन टाइम खर्च आहे.

२३ एप्रिल, बुधवार
दुसरं आलं. घोडे. सात आहेत असं त्या म्हणाल्या. मी पाय मोजले, सत्तावीस भरले. शितल म्हणाली, एक लंगडा असेल.
सोनेरी फ्रेम. ड्रिलवाला मला आता 'नेहमीचे साहेब' म्हणतो.
चंद्रिकाबेन दर बुधवारी बीपीसाठी डहाणूला येणार. येताना इथे चक्कर.

३० एप्रिल, बुधवार
आज प्लॅन अमलात आणला. अगदी सहज म्हटलं, चंद्रिकाबेन, भिंतीला रंग द्यायचाय, चित्रं थोडे दिवस उतरवावी लागतील. त्यांनी टाळीच वाजवली. म्हणाल्या, हेच मी सांगणार होते, हा पांढरा रंग माझ्या घोड्यांना मारतो.
शेड कार्ड घेऊन दीड तास बसल्या. आंबा कलर निवडला. चारी भिंतींना. उद्यापासून काम. घोडे आणि हंस परत जागेवर, शिवाय रंगाचं बिल माझं.
प्लॅनमध्ये चूक नव्हती. तो फक्त पूर्ण झाला.

१४ मे, बुधवार
ऑफिसला एकच खिडकी. तिला आजपासून काळा पडदा. उन्हाने ऑइलचा रंग उडतो म्हणे. पंखाही फक्त एकवर. दोनवर केला की हंस भिंतीवर आपटतो.
बाहेर डोकं भाजतंय आणि मी अंधारात ट्यूबलाइट लावून बसतो. शितलने छोटा टेबलफॅन आणलाय, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या तोंडाकडे.
दुपारी नविनभाई आले. एरवी तासभर निवांत बसतात. आज दहा मिनिटांत उठले. खुर्ची उलटी फिरवून, चित्रांकडे पाठ करून बसले होते. बायकोचं कौतुक चारचौघांत कसं करायचं म्हणून लाजले असणार. जुन्या वळणाचा माणूस.

२८ मे, बुधवार
आज सरप्राइज. माझं पोर्ट्रेट.
व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून काढलंय. मागे काळोख. कपाळ खूप आहे. उजवा डोळा क्लायंटकडे बघतो, डावा कपाटाकडे. निलमला फोटो पाठवला. तिने विचारलं, हे कोण? सांगितल्यावर तिचा फोनच आला. बराच वेळ ती हसत होती. मी ठेवला.
जागा: माझ्या खुर्चीच्या मागे, बरोबर डोक्यावर. चंद्रिकाबेननी ठरवली. आर्टवर्कचं बजेट संपलं. 'संकीर्ण' हेडमधून ॲडजस्ट केलं. बजेट लवचीक असावं लागतं, हे मी क्लायंटना नेहमी सांगतो.

४ जून, बुधवार
तलासरीचे चिमणभाऊ आले. भरावाच्या मातीचे काँट्रॅक्टर, जुने क्लायंट. मी फाइलींच्या कपाटामागे होतो. (चंद्रिकाबेनच्या सूर्यास्तासाठी कपाट भिंतीपासून पुढे घ्यावं लागलं. आता मागे एक छान बोळ झालाय.)
चिमणभाऊंनी दारात चपला काढल्या. पोर्ट्रेटला हात जोडले. शितलला हळूच विचारलं, "साहेब कधी गेले? आम्हांला कोणी कळवला पण नाही."
तेवढ्यात मी बाहेर आलो. मोठा माणूस, पण इतक्या जोरात ओरडेल असं वाटलं नव्हतं. चपला हातात घेऊनच जिना उतरले.
संध्याकाळी त्यांचा शितलला फोन. माझं रिटर्न आता कोण भरणार? मी फोन घेतला आणि म्हटलं, मीच भरणार, चिमणभाऊ. त्यांनी ठेवून दिला.

११ जून, बुधवार
स्पष्ट बोलायचं ठरवलं. प्रोफेशनल माणसाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. चार वाक्यं तयार केली. शितलसमोर दोनदा म्हणून दाखवली. ती म्हणाली, सर, छान आहे, पण घाम पुसा.
चंद्रिकाबेन आल्या. हातात डबा, चिकूचा हलवा. बसल्या बसल्या सांगायला लागल्या. मुलं गेल्यावर घरात आवाजच राहिला नव्हता. नविनभाई वाडीतून आले की जेवतात आणि बातम्या लावतात. दुपारची झोप येत नाही, रात्रीची येत नाही. डॉक्टरने गोळी वाढवली होती. "आता बघा ने, दोन महिन्यांत गोळी अर्धी केली!"
मग त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट असावी, पोरगा अंथरुणातच होता. त्याला चारी भिंती फिरवून दाखवल्या. म्हणाल्या, बघ, मम्मीची गॅलरी. पोरगा उठून बसला, म्हणाला, मम्मी, सुपर्ब. मग कॅमेरा माझ्यावर आला. मी हात हलवला.
माझ्या चार वाक्यांतलं पहिलं वाक्य 'चंद्रिकाबेन' असं सुरू होत होतं. तेवढं बोललो.
हलवा चांगला होता.

२५ जून, बुधवार
दोन आली. एकात केळी, एकात देवळातली बाई. केळी शितलच्या टेबलासमोर. तिने आज पहिल्यांदा राजीनाम्याचा फॉरमॅट विचारला. मी करून दिला. शिकलेलं कुठे वाया जात नाही.
बाहेर पावसाची रिपरिप. खिडकी उघडता येत नाही, दमट हवा कॅनव्हासला वाईट. रंगाच्या वासाने डोकं दुखतं. घरी गेलो तरी शर्टाला टर्पेंटाइनचा वास येतो. निलम शर्ट वेगळे धुते.

२ जुलै, बुधवार
उपाय सापडला! इतका सोपा की आधी का सुचला नाही. नविनभाईंशी बोलायचं. पुरुषासारखं, समोरासमोर. नवऱ्याचं बायको ऐकते. (माझ्या घरचा अपवाद सोडून.) चंद्रिकाबेन बुधवारी डहाणूत असतात, म्हणून आजच घोलवडला गेलो.
घराचं दार उघडंच होतं. हॉलमध्येही तसलाच हंस. जिन्यावर घोडे. बेसिनच्या वर, आरसा असतो तिथे, देवळातली बाई. नविनभाई घरात नव्हते. ते पॅकिंग शेडमध्ये क्रेटवर बसले होते, समोरच्या पत्र्याकडे बघत.
मी तोंड उघडणार तर तेच म्हणाले, बरं झालं आलात, मीच येणार होतो. बाजूचा क्रेट पुढे केला.
म्हणाले, "चुरीभाई, खोटं नाय बोलणार. इतकी वर्षं तुमच्याकडे येतो ते तुम्ही लई हुशार म्हणून नाय. तुमच्याकडे भिंत होती. घरात जिथे बघावं तिथे चित्र. तुमच्याकडे यायचं, तास बसायचं, समोर कंई ज नहीं, कोरी भिंत. शांती मळती हती." मग म्हणाले, आता तिथेपण तेच हंस.
मी म्हटलं, म्हणूनच तर आलोय, तुम्ही वहिनींना समजवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं.
मग त्यांनी सांगून टाकलं: तलासरीला प्राजक्ता म्हणून एक मुलगी नव्याने प्रॅक्टिसला बसलीय. पत्र्याची खोली, भिंतीला अजून प्लास्टरसुद्धा नाही. नविनभाई दोनदा जाऊन बसून आलेत. तिन्ही फर्मच्या फाइली तिच्याकडे चालल्या.
मी म्हटलं, ठीक आहे, मग मी आजच चित्रं उतरवतो. त्यांनी माझा हात धरला. घट्ट. म्हणाले, "ते नाय करायचं. तिला कळलं पायजे नाय. तिचं बीपी आत्ता कुठे उतरलंय. तिला वाटू दे, माझं काम तुमच्याकडेच आहे." डोळ्यांत पाणी होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, क्रेटवर बसून माझा हात सोडेना.
मी हो म्हटलं.
निघताना त्यांनी पेटीभर चिकू दिले. एकूण मीटिंग पॉझिटिव्ह झाली. दोघांनी मोकळेपणाने मतं मांडली.

५ जुलै, शनिवार
फाइली गेल्या. कपाटाचे तीन कप्पे रिकामे. बुधवारी चंद्रिकाबेनना दिसायला नकोत म्हणून शितलने नव्या फाइली आणल्या, वर नविनभाईंच्या फर्मची नावं लिहिली आणि आत जुने पेपर भरले. लांबून अगदी खऱ्या वाटतात. जवळून बघितल्या तरी माझ्या काही जुन्या फाइलींपेक्षा नीट आहेत.
शितलचा पगार थोडा उशिरा होईल असं तिला सांगितलं. तिने केळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, मला वाटलंच होतं.
निलमला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, आता काय करायचं? मी म्हटलं, गुडविल आहे ना.

१६ जुलै, बुधवार
चंद्रिकाबेन नवं चित्र घेऊन आल्या. समुद्र, होड्या, सहा फूट उंच. भिंतीवर जागा कुठेच नाही. मला वाटलं, सुटलो. त्यांनी चारी बाजूंना बघितलं आणि दार लावलं. दाराच्या आतल्या बाजूला बरोबर बसतं.
ड्रिलवाला आला. फ्रेम चढली. दार लावलं की आता दार दिसत नाही. होड्या दिसतात. शितलला बाहेर जायचं होतं, तिला जरा चाचपावं लागलं.
चंद्रिकाबेन खुर्चीत टेकल्या. कपाटाकडे बघून म्हणाल्या, नविनचं काम बराबर चाललंय ने? मी म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास.
त्या म्हणाल्या, "काल मी त्यांना जेवताना सांगितलं. चुरीभाई माझी चित्रं एवढी जपतात, तुमची एवढी कामं करतात, त्यांची फी डबल करा. लगेच हा बोलले! एक शब्द नाय बोलले, लगेच हा!"
माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा नुसता फुललेला.
मी थँक्यू म्हणालो. शितलला पेढे आणायला पाठवलं.