पंधरा फूट तार आणि माझं तिकीट

प्रिय धाकटीस,

थोरलीचे मनापासून आशीर्वाद, आणि तुझ्या यजमानांना नमस्कार. (नमस्कार या वेळी नेहमीपेक्षा जरा कमी वाकून केलाय. कारण पुढे येईल.) तुझी कंबर कशी आहे? तू लिहिलेला लेप मी गुडघ्याला लावून बघितला. गुडघा आहे तसाच आहे, पण चादरीचा डाग काही केल्या जात नाही. बाकी देवाच्या दयेने इकडे सगळे ठीक आहेत, आणि मी तर इतकी ठीक आहे की गेले दोन दिवस भांडी घासतानासुद्धा गुणगुणते आहे. का, ते नीट बसून वाच. चहा ठेवला असशील तर आधी गॅस बंद कर, कारण पत्र लांब आहे आणि तुझी सवय मला माहीत आहे.

मी तुझ्याकडे येणार, येणार म्हणून अकरा वर्षं लिहिते आहे. तू नवं घर घेतलंस, ते मी फोटोत पाहिलं. तू आजी झालीस, तेही फोटोतच. या वर्षी मात्र जाण्यायेण्याच्या तिकिटाची रक्कम घरखर्चातून बाजूला काढून, पाकिटावर "धाकटी" असं लिहून मी कपाटात ठेवली होती. आता गेल्या महिन्यात आमचे हे निवृत्त झाले. ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून यांना गाणी ऐकायचं यंत्र दिलं: एक जडशीळ अँप्लिफायर, एक तबकड्या वाजवणारं खोकं आणि गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. सगळं दिलं, पण एकातून दुसऱ्यात आवाज न्यायच्या तारा काही दिल्या नाहीत. बहुतेक वर्गणी तिथेच संपली. स्पीकर हारतुरे घालून दारात उभे, आणि घरात कुणाचा कुणाशी संबंध नाही, असा प्रकार.

एवढ्यावर भागलं असतं. पण यांनी सल्ला विचारला आपल्या साडूंना, म्हणजे तुझ्या यजमानांना, आणि त्यांनी फोनवर पाऊण तास व्याख्यान दिलं. यंत्र म्हणे काहीच नसतं, सगळा जीव तारेत असतो. साध्या तारेतून गाणं ऐकणं म्हणजे गढूळ पाण्यातून चंद्र बघणं. (हे वाक्य आमच्याकडे आता दिवसातून तीनदा होतं.) दुसऱ्याच दिवशी हे एका गुळगुळीत दुकानात गेले आणि मखमली पेटी घेऊन आले. पेटीत दोन तारा, सापाएवढ्या जाड, निळं विणलेलं कवच, टोकांना सोन्याचं पाणी दिलेल्या पिना. विकणारा हातमोजे घालून पेटी उघडतो म्हणे. मी किंमत विचारली. हे खिडकीबाहेर बघू लागले. मी कपाट उघडलं, आणि "धाकटी" रिकामी!

मी ओरडले नाही. (देवासमोर दोन नेम केले आहेत: खोटं बोलायचं नाही आणि ओरडायचं नाही. पैकी दुसरा अधूनमधून मोडतो, पण त्या दिवशी पाळला.) मी फक्त विचारलं, "म्हणजे मी तिच्याकडे तारेवरून चालत जाऊ का?" हे म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी जा की. ती कुठे पळून जाते आहे?" तेव्हा मी पावती मागून घेतली आणि चष्मा लावून शेवटची बारीक ओळसुद्धा वाचली. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण बारीक अक्षर वाचण्यात मला कोणी पदवीधर हरवणार नाही. लिहिलं होतं: पसंत न पडल्यास आठ दिवसांत परत, मात्र तारेवर ओरखडा नसावा. मी लगेच सौदा केला. आठ दिवसांच्या आत मी अशी तार आणेन की तुमच्या या निळ्या सापात आणि तिच्यात तुमच्या कानांना फरक कळणार नाही. कळला तर पुढच्या वर्षी जाईन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही कळला, तर पेटी परत आणि पैसे पाकिटात. हे हसले आणि लगेच हो म्हणाले, कारण हे स्वतःला कानसेन समजतात. तशीही घाई नव्हती. यंत्र ठेवायचं कपाट सुताराकडे होतं आणि तो रोज "उद्या" म्हणत होता. कपाट आल्याशिवाय काही जोडायचं नाही, असं यांनी ठरवलेलं.

पहिल्या दिवशी मी शिवणाचा दोरा घेऊन कपाटाच्या जागेपासून दोन्ही स्पीकरांपर्यंत भिंतीच्या कडेकडेने माप घेतलं. एकीकडे पंधरा फूट, दुसरीकडे नऊ. मग विजेच्या सामानाच्या गल्लीत गेले. पहिल्याच दुकानात एक मिठ्ठास बोलणारा होता, मला मावशी म्हणाला, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पारदर्शक कवचाची जाड तार, आत तांबूस लखलखाट, भाव ऐकून तर मला देव प्रसन्न झाल्यासारखं वाटलं. घरी आणून हातात धरली तर लागली हलकी. आता चाळीस वर्षं भांडी घेतलेल्या बाईला तांब्याचं वजन कोणी शिकवायला नको. विळीच्या टोकाने एक बारीक तंतू खरवडला. वरचा तांबूस रंग निघाला, आत पांढरंशुभ्र अॅल्युमिनियम! नुसता तांब्याचा मुलामा. तशीच उलट पावली गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "भाचेबुवा, जरा इथे नखाने खरवडून दाखवा बरं." त्याने लगेच पैसे परत दिले. शेजारच्या गिऱ्हाइकाने आपल्या हातातली तार खाली ठेवली. पुण्य लागलं असेल तर ते मी अर्धं तुझ्या नावे करते.

पण एक दिवस गेला. दुसरा आणि तिसरा दुकानं पालथी घालण्यात गेला. कुणी म्हणे चांदीची घ्या, कुणी म्हणे तारेला दिशा असते, उलटी लावली तर गाणं परत येतं! चौथ्या दिवशी मात्र एका जिन्याखाली रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ सापडले. दुकान एवढंसं की मी आत गेल्यावर त्यांना बाहेर यावं लागलं. ऐकू जवळजवळ शून्य. स्पीकर वाजतो की नाही हे ते त्याच्या कागदी पडद्यावर बोट टेकवून ओळखतात. मी दोऱ्याच्या गाठी दाखवल्या आणि ओरडून सांगितलं. (हा ओरडण्याचा नेम मोडल्यात धरत नाही.) ते म्हणाले, "पंधरा फूट? मग एवढ्या जाडीची पुरे. आगगाडी ओढायची आहे का?" आणि निखळ तांब्याची, दोन पदरी, एका पदरावर लाल रेघ असलेली साधी तार काढली. मी न विचारताच टोक खरवडून दाखवलं, आत बाहेर लालच. दोन्ही बाजूंना सारखीच लांबी घ्या म्हणाले, जास्तीची गुंडाळू नका, कपाटामागे सैल सोडा. पिना पितळी, वर निकेलचं पाणी, आत स्क्रूने आवळायच्या. सोन्याचं पाणी दिलेल्या नाहीत का, विचारलं तर म्हणाले, "सोनं अंगावर घाला, बाई. आवाजाला दागिने लागत नाहीत." तबकड्यांच्या खोक्यासाठी लाल-पांढऱ्या टोकांची छोटी तारही त्यांनी जुन्या डब्यातून काढून, टोकं घासून, माझ्याकडून नुसत्या आशीर्वादाच्या मोबदल्यात दिली. सगळं मिळून निळ्या सापाच्या चाळिसाव्या हिश्श्यात झालं. कवच कसं सोलायचं, तंतू कसे पिळायचे, सगळं माझ्याकडून दोनदा करून घेतलं. शेवग्याच्या शेंगा सोलण्यापेक्षा सोपं आहे.

सहाव्या दिवशी सुतार उगवला. हे म्हणाले, "आधी तुझी तार लाव, मग माझी लावल्यावर फरक कसा लख्ख कळेल." मी लावली. गाणं सुरू झालं, आणि काय सांगू, गायकाला दहा दिवसांची सर्दी! खालचे स्वर गायब, उरलेला आवाज मडक्यातून आल्यासारखा. यांनी टोमणा मारला नाही, उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून "तू प्रयत्न केलास" म्हणाले. धाकटे, टोमणा परवडला. माझ्या डोळ्यांसमोर तू, तुझं घर, तुझा नातू, सगळे फोटोतच पुन्हा गोठले.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी जिन्याखाली हजर. आजोबांनी सगळं ऐकून (म्हणजे माझे हातवारे बघून) एकच विचारलं, "लाल रेघेचा पदर यंत्राच्या आणि स्पीकरच्या, दोन्हीकडच्या लाल खुंटीलाच लावलात ना?" अगं, दुकानातली धूळ बसलेली तार घरात कशी लावायची, म्हणून मी लावायच्या आधी दोन्ही तारा साबण लावून काथ्याने घासल्या होत्या. एकीची लाल रेघ साफ गेली! तिथे मी अंदाजाने लावलं, आणि माझा अंदाज चुकला. आजोबा म्हणाले, एक पडदा श्वास घेतो तेव्हा दुसरा सोडतो, दोघं मिळून हातात काही राहत नाही. (आमच्या संसाराविषयी ही गोष्ट मला कोणी चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.) घरी आले, एका बाजूचे दोन पदर स्पीकरपाशी आपसांत बदलले, आणि बटण दाबलं.

धाकटे, आवाज असा भरला की फडताळातले पेले वाजायला लागले. मी देवाला हात जोडते न जोडते तोच दारावर थाप. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी इमारत "मोठ्या बाई" म्हणते, त्या तक्रार घेऊन उभ्या. मी त्यांनाच आत ओढलं आणि पंच केलं. हे म्हणाले, आवाज बरा आहे, पण माझी तार ऐकशील तेव्हा कळेल. म्हटलं, आताच होऊन जाऊ दे. यांना खुर्चीत बसवून डोळ्यांवर टॉवेल बांधला, मोठ्या बाईंना वही-पेन्सिल देऊन यांच्या समोर, स्पीकरांकडे पाठ करून बसवलं, म्हणजे टॉवेलखालून बघायला नको. मी मखमली पेटी घेऊन कपाटामागे गेले. पाच फेऱ्या. दर फेरीला मी मागून "झालं" म्हणायचं, मोठ्या बाईंनी बटण दाबायचं, यांनी निकाल द्यायचा.

पहिल्या फेरीला हे म्हणाले, "ही हिची. कोरडी आहे." दुसरीला एकदम ताठ बसले, "ही माझी! बघा, आवाजाला कसा प्रकाश आला!" तिसरीला परत "हिची, गढूळ". चौथी आणि पाचवी "माझी, माझी", आणि पाचवीला तर टॉवेलखालून पाणी आलं. मी बाहेर येऊन सांगितलं की ज्या तीन फेऱ्यांना तुम्ही राजेशाही म्हणालात, त्या तिन्ही वेळा जिन्याखालची तार वाजत होती. यांनी टॉवेल सोडून त्याची नीट घडी घातली. मग हे म्हणाले, "पाचात दोन बरोबर, म्हणजे चाळीस टक्के. मी पास आहे!" मोठ्या बाई म्हणाल्या, "नाणं उडवलं असतंत तर पन्नास मिळाले असते." आणि वहीत लाल पेन्सिलीने शून्याएवढा मोठा गोल काढून सही केली.

पण माणूस शब्दाचा पक्का. आठव्या दिवशी हे स्वतः पेटी घेऊन गेले. हातमोजेवाल्याने भिंग लावून तार टोकापासून टोकापर्यंत तपासली, एक ओरखडा सापडला नाही. पैसे परत आले, आणि पाकिटात ठेवायच्या आधीच मी जाऊन तिकीट काढलं. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला पोचते, चांगली तीन आठवडे राहणार. स्टेशनवर नातवाला घेऊन ये. हे तर आता येणाऱ्याजाणाऱ्याला आमची तार दाखवतात आणि तारेत काही नसतं, सगळा जीव यंत्रात असतो, असं व्याख्यान देतात. छोट्यांना पापा, मोठ्यांना नमस्कार, तुला माझं सगळं.

तुझी,
थोरली

ता. क. इथपर्यंतचं पत्र तुझ्या यजमानांना मोठ्याने वाचून दाखव. यापुढचं दाखवू नकोस.

ता. क. २. माझा खरं बोलण्याचा नेम मोडलेला नाही, हवं तर वरचा शब्द न् शब्द तपासून बघ. मी फक्त "झालं" म्हणाले. काय झालं, ते कुणी विचारलं नाही. अगं, कपाटामागे जागा हातभर, माझा गुडघा असा, पितळी पिना मीच पकडीने आवळलेल्या, त्या हलेनात. आणि ओढाताणीत त्या निळ्या तारेवर एक ओरखडा पडला असता तर? तेव्हा मी पाचही फेऱ्या पेटी मांडीवर धरून गप्प बसले होते. मखमली पेटीतली तार आमच्याकडे एकदाही वाजली नाही. ती खरोखर चांगली असली तर ते देवालाच ठाऊक.

ता. क. ३. हे मनाला लागून राहिलंय, म्हणून एक काम सांगते. तुझ्याकडे तुझ्या यजमानांची तसलीच तार लावलेली आहे ना? मी जिन्याखालची पंधरा-पंधरा फूट दोन तुकडे आणते आहे. मी आल्यावर त्यांची परीक्षा घेऊ. या वेळी खरी, तारा खरोखर बदलून. ते नापास झाले तर त्यांची तार विकून टाक, आणि त्या पैशात पुढच्या वर्षी तू माझ्याकडे ये. फक्त कपाटामागे तुला बसावं लागेल. तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस. तेवढी कंबर नऊ तारखेपर्यंत बरी करून ठेव. आणि नाहीच वाकता आलं, तर घाबरू नकोस, मी समोर टॉवेल घट्ट धरून बसेन.