आज कावळे आले नाहीत

कळंबोली, रविवार, ३ मे १९८७

आज गच्चीवर एकही कावळा आला नाही. एरवी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या की मेले पाण्याच्या टाकीवर येऊन बसतात, म्हणून तर सुट्टीत सुमीला काठी देऊन राखणीला बसवते. सकाळपासून वारा कारखान्यांकडून येत होता, कुजक्या लसणासारखा वास. मला कळत होतं. पण उद्या दुकानदाराला माल द्यायचाय. तो चुकला की ह्यांचं ठरलेलंच, "बास झाला तुझा धंदा, पोरीकडे बघ जरा." आता कुठे जम बसतोय, आणि वाऱ्याला घाबरून घरी बसू?

संध्याकाळी पापड्या उतरवल्या. छान वाळल्यात, पांढऱ्याशुभ्र. एक तोंडात टाकून बघितली, चवीला काही वेगळं लागलं नाही. मग कावळे का आले नाहीत? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाचे गेले असतील कुठेतरी सावलीला." असतीलही. पण उन्हं काय आजचीच आहेत?

डबे भरायला बसले तेवढ्यात सुमी पोट धरून आली. "आई, मळमळतंय." काय खाल्लंस, विचारलं. म्हणाली, "कावळे आलेच नाहीत ना, म्हणून त्यांच्या वाटच्या मीच खाल्ल्या. ओल्या ओल्याच."

आता ती पडून आहे. मी घडीघडी जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून बघते. आणि परत येऊन डबे भरते.