धुक्यातली साइड

३ नोव्हेंबर, गाब्रोवो

आजपासून मी मालट्रकचा ड्रायव्हर. प्लोव्दिवच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझं अर्धं आयुष्य गाढवांना क्लच शिकवण्यात गेलं. स्कूल बंद पडलं तेव्हा मला मुळीच वाईट वाटलं नाही. रोजनिशी लिहिण्याची सवय मात्र तिथलीच, दुसऱ्यांच्या चुका टिपण्याची.

इथे सगळं झकास आहे. गाडी कोरी करकरीत, केबिनमध्ये हीटर, सीटमागे झोपायला गादी. समोर डोंगर, त्यावर पिवळं पडलेलं रान. काम सोपं: कारखान्यातून भाजल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या भरायच्या, कराउल घाट ओलांडून हास्कोवोच्या गोदामात उतरवायच्या, रिकामं परत यायचं. शेजारच्या सीटवर चुकीचा गिअर टाकणारं कोणी नाही. याहून सुख ते काय!

माणसं मात्र असायची तशीच. मिंचोकाका म्हणून इथला सर्वांत जुना ड्रायव्हर आहे. पोट स्टिअरिंगला टेकतं. मी आल्या आल्या त्याने डबा उघडून बायकोच्या हातची बानित्सा, चीज भरलेली खारी पोळी, पुढे केली आणि सांगितलं, की रस्त्यावर आपण सगळे भाऊ-भाऊ. मला सख्खा एक भाऊ आहे, तोच जड होतो. तुकडा घेतला. फार तुपकट.

६ नोव्हेंबर

हे लोक गाडी चालवतात की लग्नाच्या पंगतीत आग्रह करत फिरतात, कळत नाही. समोरून ट्रक आला की हात वर. पुढे पोलीस असले की डिपर. चढावर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो, म्हणजे रस्ता मोकळा आहे, साइड घे. साइड घेतलेल्याने पुढे जाऊन एकदा डावा, एकदा उजवा इंडिकेटर मारायचा, म्हणजे आभार. मग मागचा पुन्हा डिपर मारून म्हणणार, अहो त्यात काय! दिवसभर हेच.

मी कोणालाही हात करत नाही. मला पगार गाडी हाकायचा मिळतो, मुजरे करायचा नाही. आणि दुसऱ्याच्या इंडिकेटरवर विसंबून साइड घ्यायची? माझ्या परीक्षेत असल्याला मी नापास केलं असतं.

घाटाच्या पायथ्याला पेना नावाच्या बाईचं हॉटेल आहे. सगळे तिथे वजडीचं सूप ओरपतात. झिव्को नावाचा एक लांबट ड्रायव्हर भर पंगतीत मला म्हणाला, “काय हो मास्तर, सकाळी मी तुम्हाला साइड दिली, तर साधा एक इंडिकेटर नाही? बल्ब महाग झालेत का?” सगळे खिदळले. मी सांगितलं, की साइड मी मागितली नव्हती. सूप बरं होतं.

११ नोव्हेंबर

आज चढावर झिव्कोचा टायर फुटलेला. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून हात करत होता. मी थांबलो नाही. टायरची हवा रोज तपासावी, असं मी वीस वर्षं ओरडतोय. माझ्या मागून मिंचोकाका येत होता, तो थांबलाच. दोघांनी मिळून चाक बदललं म्हणे आणि वर चिखलात बसून एकच सिगारेट ओढली. काय ते प्रेम!

पेनाकडे आज माझ्यासाठी कोणी सरकलं नाही. मी उभ्याने जेवलो. बाहेर मिंचोकाकाने मला गाठलं. मला वाटलं आता कानउघाडणी होणार. पण तो दबक्या आवाजात भलतंच बोलत होता. धुकं धरायला लागलंय, म्हणाला. घाटात एखाद वेळी हिरव्या ताडपत्रीचा जुना ट्रक पुढे लागतो. त्याने साइड दिली तर घ्यायची नाही.

मी विचारलं, का?

तो म्हणाला, तो गेंचो कालेवचा ट्रक. कोणाशी धड बोलायचा नाही. एकदा मागच्या ट्रकमधल्या पोराने हॉर्न मारला, त्याचा याला राग आला. समोरून बस येताना दिसत होती, तरी याने मुद्दाम साइड दिली. पोरगं गेलं. पुढच्याच हिवाळ्यात गेंचो घाटातून खाली उतरलाच नाही, ना माणूस सापडला ना गाडी. आता जो रस्त्यावर एकटा असतो, त्यालाच तो लागतो. त्याची साइड घेतली की त्याचं ओझं आपल्या गाडीत.

एवढा थोराड माणूस, नातवंडं असलेला, आणि डोळ्यांत पाणी! मला हसू आवरेना. त्याला म्हणालो, काका, ही गोष्ट नातवंडांना सांगा, जेवतील पटापट.

१३ नोव्हेंबर

सकाळपासून दाट धुकं. चढावर पुढे एक खटारा लागला. वीसच्या वर जाईना. ताडपत्री हिरवी होती. हिरव्या ताडपत्र्या छप्पन्न असतात.

त्याने उजवा इंडिकेटर दिला. मी कोणाची साइड घेत नसतो, पण मागे तासभर रखडलो होतो. गाडी जेमतेम अर्धी बाहेर काढली, तर धुक्यातून समोर बस. ब्रेक दाबला, लागला तो देवाच्या कृपेने. बस आरशाला घासून गेली.

मी खाली उतरलो, त्या नालायकाचा नंबर घ्यायला. पुढे रस्ता रिकामा. फाटा नाही, थांबा नाही. मोकळा ओला रस्ता.

पळाला असणार. असली माणसं पळतातच.

१४ नोव्हेंबर

मिंचोकाका काल माझ्या मागेच होता. तो म्हणतो, माझ्यापुढे काहीच नव्हतं. मी रिकाम्या रस्त्यावर वीसने चाललो होतो आणि मध्येच विनाकारण डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला घुसलो.

डोळे तपासून घे, असं मी त्याला सांगितलं. मग जाऊन घासलेला आरसा पुन्हा बघून आलो.

१६ नोव्हेंबर

पुन्हा तोच. मी हळू झालो, तो हळू झाला. मी थांबलो, तोही थांबला. उजवा इंडिकेटर चालूच. टिक, टिक. त्याच्या इंडिकेटरचा आवाज माझ्या केबिनमध्ये कसा येईल? पण येत होता.

मागे कोणी नाही. तीन-चार ट्रक समोरून गेले, त्यांनी मला हात केला. मला, त्याला नाही. त्यांना तो दिसलाच नाही.

१७ नोव्हेंबर

पेनाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. झिव्को सरकला आणि म्हणाला, “बसा मास्तर.” पेनाने न मागता सूप आणलं. मला ते हसले असते तर बरं झालं असतं.

उद्या मिंचोकाका माझ्या पुढे चालणार आहे. तो म्हणतो, दोघांच्या मध्ये गेंचो शिरत नाही. मी फक्त त्याचे मागचे दिवे धरून चालायचं. मी आभार मानणार होतो. शब्द तोंडात आला नाही. सवय नाही.

१८ नोव्हेंबर

गाडी उभी आहे, कुठे ते कळत नाही.

निळा ट्रेलर पुढे होता. मिंचोकाकाचाच, त्याच्या मागच्या दारावर त्याच्या नातीने धुळीत बोटाने काढलेली मांजर होती. घाटाच्या ऐन वळणात त्याने उजवा इंडिकेटर दिला. मला वाटलं, काका म्हणतोय, आता तू पुढे हो, धोका टळला. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळे मिटून विश्वास ठेवला. साइड घेतली. शेजारी आलो तेव्हा हातसुद्धा वर केला —

दार हिरवं होतं. ताडपत्री हिरवी. आत एक टोपीवाला म्हातारा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. सुटका झाल्यासारखे.

आरशात आता काही नाही —

त्याच दिवशी

गाडी चाललीय. मी चालवत नाहीये. पाय ब्रेकवर उभा करून ठेवलाय, ब्रेक लागत नाही. वीसने चाललीय. दार उघडत नाही. फोनला रेंज नाही. हात मोकळे आहेत म्हणून लिहितोय, नाहीतर किंचाळेन —

वरच्या थांब्यावर मिंचोकाका उभा होता. माझी वाट बघत. मी त्याच्यासमोरून गेलो. तो मागून निघाला. आरशात दिसतोय, निळा —

टिक. टिक.

मी हात लावलेला नाही. उजवा. माझा उजवा इंडिकेटर. बंद होत नाही. दांडी मोडून काढली तरी —

हॉर्न वाजत नाही.

काकाने डिपर मारला. खूश झालाय. मास्तर साइड देतोय! मूर्खा, घेऊ नकोस. कोणाची साइड घेऊ नये, वीस वर्षं सांगत आलोय, मूर्खांनो —

बाहेर काढली त्याने. समोर धुक्यात दिवे. मोठे. दोन —

शेजारी आलाय. मी काचेतून हात हलवतोय, नको, काका, मागे हो, मागे —

तो हसतोय. मी शेवटी हात केला म्हणून हसतोय. तोही हात वर क