नामांकित चित्रांतली घाण

३ मार्च, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची शिवणवाली. तीही हात हलवत. माझे उशांचे अभ्रे कधीपासून तिच्याकडेच पडलेत. पण बातमी मात्र गरमागरम घेऊन आली. विहीणबाई, म्हणजे आमच्या सुनेची आई, तिच्याकडे पडदे शिवायला टाकतात. त्या सांगत होत्या म्हणे, यंदाच्या सुट्टीत नातीला मीच ठेवून घेणार, पोरीला चित्रांचं वेड लागलंय आणि त्या आजीला चित्रांतलं काय कळतंय! ती आजी म्हणजे मी. दर सुट्टीत पोरगी माझ्याकडे असते. विहीणबाईंनी शाळेत चित्रकला शिकवली म्हणून काय झालं? जन्मभर लोकांच्या पोरांकडून सफरचंदं काढून घेतली.

निश्चय: सुट्टी लागायच्या आत जगातली सगळी नामांकित चित्रं बघून टाकायची.

५ मार्च, गुरुवार, दुपार

सूनबाई जुना टॅब देऊन गेली. चित्र लावूनही दिलं. म्हणाली, आई, संग्रहालयात दोरीच्या अलीकडून बघावं लागतं, इथे अगदी नाक लावून बघा. दोन बोटं फाकवली की मोठं होतं, एका बोटाने सरकवायचं. अजून काही सांगत होती. मी म्हटलं, पुरे, तुझी बस चुकेल. एका मिनिटात शिकले.

पहिलंच चित्र: पाय. अख्ख्या काचेवर नुसता एक पाय. टाचेच्या भेगांत चिखल, अंगठ्याचं नख काळंनिळं. शी! एवढी कीर्ती आणि चित्र काढण्याआधी पाय धुऊन ये म्हणायला कोणी नाही? जेवण गेलं नाही. तीनदा बघितला.

८ मार्च, रविवार

आज भरपूर चित्रं झाली. अर्धवट खाल्लेला मासा, त्याच्या डोळ्यावर माशी. ताट चाटणारं कुत्रं. एका माणसाची हनुवटी, तुपकट, वर दाढीत कसलीशी शितं. हे चित्रकार जेवणाऱ्यांकडे बघायचे तरी कशाला? आणि सगळ्यांच्या मेजावर एकच निळ्या काठाची चादर! त्या काळी कापडाचं दुकान एकच असणार.

रंगात ब्रशचा केस चिकटलेला सापडला. आपल्या जेवणात केस निघाला तर केवढा आरडाओरडा होतो. ह्यांचा केस मात्र काचेआड जपून ठेवलाय.

उद्यापासून घाणेरडी चित्रं बंद. फक्त फुलं आणि डोंगर.

१२ मार्च, गुरुवार

फुलं सापडली. फुलदाणीत अळी होती.

शिवणवाली आणि शेजारची नर्सबाई रोज संध्याकाळी येऊन बसतात. नर्सबाईने त्या पायाचं नख बघून सांगितलं, ही बुरशी, मलमाने गेली असती. शिवणवाली एका बाईच्या बाहीवर घसरली, म्हणे शिलाई उलटी घातलीय. मी दोघींना बजावलं, कलेकडे कलेच्या नजरेने बघायला शिका. मग तिघींनी मिळून पुन्हा माशी बघितली. शी शी करताना चहा कसा संपतो कळत नाही.

विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, शनिवारी नातीला घेऊन या, तुमच्या शाळेत लागली नसतील एवढी चित्रं दाखवते, मग ठरवू पोरीने कुठे राहायचं. बरं म्हणाल्या. घाबरलेल्या वाटल्या.

१५ मार्च, रविवार

पडद्यामागे एक माणूस ओकताना सापडला. बाई गं! शनिवारी शेवटी हेच दाखवायचं.

पोरीच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. तिला खिडकीकडेच उशी लागते.

२१ मार्च, शनिवार, संध्याकाळ

सगळ्या जमल्या. मी उभं राहूनच सांगितलं. पाय, मासा, कुत्रं, हनुवटी, एकेक करत ओकारीपर्यंत आले. नर्सबाईने तोंड फिरवलं, इतकं चांगलं झालं. विहीणबाई चष्मा लावून टॅबवर वाकल्या. शेवटी विचारलं, चित्राचं नाव काय? मी म्हटलं, कुठल्या? इथे खोलीभर आहेत.

पोरगी म्हणाली, आजी, जरा दे. तिने दोन बोटं जवळ आणली.

सगळंच आत जायला लागलं. मासा लहान झाला, कुत्रं त्याच मेजाखाली आलं, पाय त्याच हनुवटीवाल्याचा निघाला. ओकणारा मागे कोपऱ्यात. एकच मेज, एकच चादर. लग्नाची पंगत! आणि अगदी मधोमध नवरी, हात मांडीवर ठेवून बसलेली. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. इतक्या दिवसांत मलाही ती दिसली नव्हती.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, विहीणबाई, हे एकच चित्र आहे हो. शिवणवाली हसता हसता खाली बसली. मी ताबडतोब सांगितलं, मला ठाऊक होतं, तुमची परीक्षा घेत होते. नापास झालात.

पोरगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. खूप हसली, पण माझा हात धरून. मग विचारलं, आजी, तिकडे जाऊ? विहीणआजी रंग कालवायला शिकवणार आहे. मी म्हटलं, जा की, मीच म्हणणार होते.

२२ मार्च, रविवार

सुट्टी लागली. मीच पाठवली. पोरीचं भलं बघायला नको?

शिवणवालीला काम आहे, नर्सबाईची रात्रपाळी लागली. पुन्हा बोटं फाकवून पाय बघितला. तेवढाच घाण आहे. पण एकटीने शी म्हणण्यात काही मजा नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पोरगी आणि विहीणबाई दोघी नक्की येतो म्हणाल्यात. ३ मे, रविवार. सोमवारी शाळा सुरू.