टेलिफोनच्या कानातून पद्मीचं गाणं

बोथ, ७ खुर्दाद १३५४ फसली (एप्रिल १९४५)

मेलो! रेडिओ गेला! संध्याकाळी चिंचेवर वीज पडली. एरियल तिलाच बांधलेली — वीज तारेवाटे सरळ रेडिओत घुसली. घरभर जळका वास. माणसं वाचली, आणि मी रडतोय रेडिओसाठी! पण सोळाला पद्मी हैदराबाद रेडिओवर गाणार आहे. माझी धाकटी बहीण! अन् मी साऱ्या गल्लीला आवतण देऊन बसलोय.

८ खुर्दाद

मागचं फळकूट काढलं. बॅटरी ठीक. खिडक्या लावून पाहिलं तर आतले काचेचे दिवे मंद लाल — जिवंत! आभाळातली आग शेजारून गेली, अन् बोटभर काचांना तडा नाही! आपोआप हात जोडले गेले. वनमाला दारातून म्हणाली, "देवाले तं कधी जोडत नाही!" बायको आहे की फौजदार?

११ खुर्दाद

एरियलकडचं तारेचं वेटोळं जळलं होतं, नवं गुंडाळलं. तरी मुका. भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर कोळसा झालाय. नवा यायला महिना! वनमालावर उगाच ओरडलो.

आईनं माझं तोंड पाहून विचारलं, "काऊन चिडून राह्यला रे?" पद्मीच्या लग्नाआधीच कान फुटून आईचं ऐकणं गेलं. रेडिओकडे बोट दाखवलं. "मले काय त्याचं," म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.

१४ खुर्दाद

आदिलाबादच्या कापसाच्या जिनातून मोडका टेलिफोन मागून आणला. कानाला लावायचा भाग भोंग्याच्या जागी जोडला — बोलला! गोदावरीपलीकडचा माणूस, निर्मळचा घाट ओलांडून, माझ्या कानात! अंगावर काटा आला. पण एका वेळी एकच कान. वनमाला म्हणते, "रांगेत बसवा सगळ्यायले, एकेक ओळ वाटा!"

१६ खुर्दाद

पद्मी गायली! पहिली ओळ मी ऐकली. आवाज जरा दाटलेला — माझ्या जोडणीत खोट राहिली असणार.

तेवढ्यात आईनं हात पुढे केला. नाही कसं म्हणू? तो भाग तिला दिला. तिनं तो कानावर नाही, कानामागच्या हाडावर घट्ट दाबला, कान ठणकला की हात दाबते तसा. डोळे मिटले. शेजारचे नागोराव हळहळले, "हणमंतराव, काकूले काय ऐकू येते? द्या ना इकडं!"

"हात लावू नका!" मी ओरडलो. गाणं संपलं. आई उठून गेली. गल्ली माझ्यावर फुगली आहे.

१७ खुर्दाद

सकाळी चूल पेटवताना आई म्हणाली, "पद्मीले सर्दी झाली रे. नाक दाटलं होतं पोरीचं."

जोडणीत खोट नव्हती. आईनं ऐकलं — कानामागच्या हाडातून!